बिनचष्म्याची प्रभावती

गोव्यातल्या नदीकाठच्या चोपडे गावात कुणाच्या पायात काटा मोडला, की तो लंगडत लंगडत कृष्णनाथच्या घरी यायचा. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ कृष्णनाथचं तांदूळ, गूळ, रॉकेल, विड्या विकणारं लहानसं दुकान होतं. पण काटेवाले दुकानात थांबत नसत, सरळ मागच्या दारी जात. तिथं त्याची बायको प्रभावती त्यांचा पाय मांडीवर घ्यायची, नाक तळव्याला टेकेल इतकी खाली वाकायची आणि सुईच्या टोकानं असा काटा उचलायची, की माणसाला उचललेला कळायचाही नाही. अबोलीच्या फुलांची फाती, म्हणजे वेणी, तिच्याइतकी दाट कुणी गुंफत नव्हतं. तिनं निवडलेल्या तांदळात कुणाच्या दाताखाली कधी खडा आला नाही.

"डोळे आहेत की घारीचे!" लोक म्हणायचे.

आणि हेच लोक दुसऱ्या दिवशी बांधावर तिला समोरून येताना बघून हसायचे, तेव्हा ती डोळे बारीक करून त्यांच्याकडे एकदा बघायची आणि सरळ पुढं निघून जायची. काल पाय मांडीवर घेतला आणि आज ओळख नाही! मग घारीच्या डोळ्यांची तारीफ करणारेच म्हणायचे, "डिचोलीची ना ती! खाणीवाल्यांचं पाणी. आमच्यासारख्यांकडे कशाला बघेल?"

प्रभावतीला जवळचं मुंगीच्या पायापर्यंत दिसायचं आणि हातभर लांबचं काहीच नाही, हे चोपड्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालासुद्धा.

ती मूळची डिचोली तालुक्यातल्या मुळगावची. वडील अनंत खाणीवर हजेरी घ्यायचे. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती, गावोगाव मराठी शाळा भरत होत्या, आणि एके दिवशी म्हापशाहून एक डॉक्टर मुलांचे डोळे तपासायला आला. त्यानं व्हरांड्याच्या भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगला. प्रभावती रांगेत बरीच मागं होती. पुढच्या मुली मोठ्यानं अक्षरं वाचत होत्या आणि हिनं ती ऐकून पाठ करून टाकली. तिला वाटलं, परीक्षा आहे ती पाठांतराचीच. आपली पाळी आल्यावर तिनं सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर हसला. "शाबास," म्हणाला, आणि त्यानं तक्ता उलटा टांगला. प्रभावतीनं तीच अक्षरं त्याच क्रमानं पुन्हा म्हटली.

पोरं खो खो हसली. डॉक्टर मात्र हसायचा थांबला. त्यानं अनंतला बोलावून घेतलं आणि पोरीला ताबडतोब चष्मा करा म्हणून सांगितलं.

म्हापशाच्या दुकानात मुलींच्या मापाची चौकट नव्हती. अनंतनं बाप्यांचीच एक काळी जाड चौकट घेतली आणि मागं दोरी बांधली. परत येताना संध्याकाळी दोघं बापलेक गावच्या देवळात गेली. प्रभावती सभामंडपात उभी राहिली, हात जोडले, आणि तिच्या तोंडून आवाज फुटला, "बाबा, देवाला डोळे आहेत!" आजवर तिला गाभाऱ्यात समईचा एक पिवळा डाग तेवढा दिसायचा. ती समजायची, सगळ्यांनाच तेवढं दिसतं आणि बाकीचं माणसं मनानं धरून चालतात. देव खरोखर दिसतो, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

पुढची काही वर्षं सुखात गेली. चष्मा बदलला, नंबर वाढला, पण पोरगी शिकली, घरकाम शिकली, आणि लग्नाची झाली. तिथून घोळ सुरू झाला.

पहिलं स्थळ आलं नि चष्मा पाहून गेलं. दुसऱ्यानं निरोप धाडला, की मुलगी चांगली आहे, पण चार डोळ्यांची नको. तिसरं चोपड्याचं आलं, तेव्हा अनंतची थोरली बहीण मालती आदल्या दिवशीच येऊन बसली होती. भावाच्या घरात तिचा शब्द शेवटचा.

"चष्मा काढ," ती प्रभावतीला म्हणाली.

"आत्ये, मला दिसणार नाही."

"तुला कुठं बघायचं आहे? बघायला ते येतायत."

अनंत लाकडी कदेलीवर पाठ टेकून बसून होता. "मागाहून कळलं तर?" एवढंच तो म्हणाला.

"मागाहून आपणच सांगू. एकदा अक्षता पडू देत. लग्नानंतर चष्मा लागला म्हणून कुणी बायको परत पाठवत नाही."

प्रभावती चहाचं तबक घेऊन बाहेर आली, तेव्हा खोलीत तिला चार-पाच पांढरे आकार दिसले. त्यांतला नवरा मुलगा कोणता, ते तिला आवाजावरून कळलं. त्यानं विचारलं, "मराठी वाचता येतं ना?" आणि हातातलं वर्तमानपत्र पुढं केलं. प्रभावतीनं ते नाकापाशी नेलं आणि एक बातमी न अडखळता वाचली.

"लाजते हो," मालती आत्या म्हणाली, "तोंड लपवते."

मंडळी हसली. कृष्णनाथही हसला. त्याला ती लाज फार आवडली होती, असं त्यानं पुढं एकदा तिला सांगितलं.

लग्न होऊन ती चोपड्याला आली. सासू शेवंती करारी बाई. नवरा लवकर गेलेला, दुकान तिनं एकटीनं राखलेलं. मनात काही ठेवायची नाही, आणि दुसऱ्यानं ठेवलेलं तिला खपायचं नाही. प्रभावतीनं ठरवलं होतं, पहिल्या आठवड्यातच पाया पडून सांगायचं. पण तिसऱ्याच दिवशी शेजारणीशी बोलताना शेवंती म्हणाली, "मोरजीच्या त्या घरात काय झालं ऐकलंस? सून बहिरी निघाली. एका कानानं का होईना, बहिरीच. खोट लपवून गळ्यात मारली. मी असते तर बापाच्या दारात नेऊन उभी केली असती."

प्रभावती चुलीपाशी बसली होती. हातातली फुंकणी तिनं खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. त्या दिवशी जे राहिलं ते राहिलंच.

चष्मा तिनं माहेरीच ठेवला. चोपड्यात कुणाच्या हाती लागला तर? चतुर्थीला माहेरी गेली, की आई आधी कपाटातून चष्मा काढून द्यायची. त्यामुळं तिच्या हिशेबी मुळगाव म्हणजे दिसणारा गाव आणि चोपडे म्हणजे न दिसणारा. तेही पुढं सरलं. नंबर वाढत गेला, जुन्या काचांतून धूसर दिसायला लागलं, आई-वडील गेले, आणि नवा चष्मा करून दे म्हणून भावाला सांगण्याचा धीर तिला झाला नाही.

ती माणसं आवाजावरून ओळखायला शिकली, चालण्यावरून, खोकण्यावरून. कृष्णनाथ दुकानातून घरी यायचा तो रॉकेल आणि गुळाच्या वासासकट, म्हणून तो सोपा होता. वाटेवर मात्र वास येत नाही. तिनं एकदा सगळ्यांनाच हसून बघितलं, तर कुणा परक्या माणसाला हसली आणि तो प्रकार घरापर्यंत आला. तेव्हापासून ती कुणालाच हसेनाशी झाली. गर्विष्ठ म्हणतात तर म्हणोत.

मग विमला झाली. आणि विमला साडेतीन-चार वर्षांची असताना ते घडलं.

खाजन शेताच्या बांधाला मानस होती. खाडीचं पाणी शेतात घ्यायचं-सोडायचं लाकडी दार असतं ना, ते. प्रभावती बांधावर सुकत घातलेले कपडे गोळा करत होती आणि पोरं मानशीजवळ खेळत होती. तिला त्यांचे रंग दिसत होते. लाल ठिपका म्हणजे विमला, सकाळी तिनंच तांबडा झगा घातला होता. आरडाओरडा ऐकू आला, पण पोरांचा आरडाओरडा नेहमीचाच. ती लाल ठिपक्याकडे बघून पुन्हा कपड्यांकडे वळली.

तो ठिपका विमला नव्हती. कुणीतरी काठीला बांधलेलं फडकं होतं.

पलीकडच्या बांधावर गावातला जयराम मासे धरायला जाळं पसरत होता. तो ओरडला, "वैनी! पोर पाण्यात! वैनी!"

प्रभावतीच्या हातातले कपडे पडले. तिनं पाण्याकडे बघितलं. दुपार कलली होती, ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि तिला चकाकत्या पत्र्यासारखं एकच काहीतरी दिसत होतं. कुठं? कुठल्या बाजूला? जयरामचा आवाज वाऱ्यावर येत होता, त्याचीही दिशा लागेना. ती धावली. जिवाच्या आकांतानं धावली आणि मानशीकडे पाठ करून उलट्या दिशेनं धावली.

जयरामनंच उडी घेतली. विमलाला केसांना धरून वर काढली, पाठीवर थापट्या मारून पाणी ओकवलं. पोर जगली. पण तोवर बांधावर माणसं जमली होती आणि सगळ्यांनी एकच दृश्य पाहिलं होतं: पोर बुडत होती आणि आई पाठ फिरवून पळाली.

शेवंतीनं नातीला छातीशी धरलं आणि सुनेकडे बघून एवढंच म्हणाली, "कसली गो बाई तू!"

घरी आल्यावर कृष्णनाथनं विचारलं. ओरडला नाही. त्यानं ओरडायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.

"तू तिथंच होतीस. मग झालं काय?"

"मला दिसली नाही," प्रभावती म्हणाली.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती याबद्दल खरं बोलली होती. तिला वाटलं, आता तो विचारेल, दिसली नाही म्हणजे? मग सगळं सांगून टाकू.

"लक्ष नव्हतं म्हण," तो म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

दिसलं नाही आणि बघितलं नाही, यांतला फरक ऐकणाऱ्याला कसा कळावा? तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. त्यानंतर विमलाचा सांभाळ शेवंतीनं आपल्याकडे घेतला. नदीवर, देवळात, शाळेत, पोर आजीबरोबर जायची. आईनं हात पुढं केला तर आजी म्हणायची, "राहू दे, मी नेते." प्रभावती घरात बसून लोकांच्या पायांतले काटे काढायची.

वर्षं गेली. विमला पाचवी-सहावीत असताना शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, की मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, पहिल्या बाकावर बसवलं तरी दिसत नाही, डोळे दाखवा.

शेवंतीनं तो निरोप धुडकावून लावला. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला चष्मा नाही. मी साठी ओलांडली, नदीपलीकडची शिवोली बघते. अभ्यास नको म्हणून पोर ढोंग करते."

"ढोंग नाही गो आजी," विमला रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला खरंच नाही दिसत."

प्रभावती दारातून पुढं आली आणि तिनं गालाला गाल लागेल इतक्या जवळून पोरीकडे पाहिलं. विमला बोलत होती आणि बोलताना डोळे बारीक करत होती, आजीचा चेहरा नीट दिसावा म्हणून. अगदी आपल्यासारखे. प्रभावती सासूकडे वळली.

"मांय, ती खरं बोलते," ती म्हणाली. "माझ्याकडून आलं तिला. मलाही दिसत नाही. लहानपणापासून."

कृष्णनाथ मेजावर जेवत होता. त्याचा हात थांबला. प्रभावती बोलत गेली. शाळेतला तक्ता, काळी चौकट, मालती आत्या, पांढरे आकार.

"आणि मानशीवर?" शेवंतीनं शेवटी विचारलं.

"दिसली नाही मांय. कुठं धावू, तेच कळलं नाही."

शेवंती उठून आत गेली. तिनं माफी मागितली नाही, तसली बाई नव्हतीच ती. पण संध्याकाळी तिनं सुनेच्या चहाचा कोप रोजच्यासारखा जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवला नाही. तिच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती मिटेपर्यंत थांबली.

कृष्णनाथचं वेगळं झालं. तो दोन दिवस रात्री उशिरापर्यंत दुकानातच बसला. मग विचारलं, "एवढ्या वर्षांत मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"मग?"

पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून तिसऱ्या. त्यापलीकडे तिलाही काही सांगता येत नव्हतं.

शुक्रवारच्या बाजाराला तो दोघींना घेऊन फेरीबोटीनं पलीकडे गेला आणि तिथून बसनं म्हापशाला. चष्म्याच्या दुकानात आधी विमलाला बसवलं. तिचं चटकन झालं. दुकानदार एकेक भिंग घालायचा, "असं बरं की असं?" विचारायचा, ती पटापट सांगायची. मग प्रभावती खुर्चीवर बसली. लोखंडी चौकट नाकावर आली, डावा डोळा झाकला गेला. उजव्या डोळ्यापुढं भिंगामागून भिंग पडत गेलं, आणि एकाएकी समोरच्या भिंतीवर अक्षरं उभी राहिली. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत तिनं वाचलं. विमलानं टाळ्या पिटल्या.

"आता डावा," दुकानदार म्हणाला.

त्यानं एक भिंग घातलं. "दिसतं?"

"नाही."

दुसरं घातलं, तिसरं घातलं. "आता?"

"नाही."

"वरचं मोठं अक्षर तरी?"

"वरती काळं आहे," ती म्हणाली. "पडदा सोडल्यासारखं."

दुकानदाराचे हात थांबले. "हे कधीपासून?"

प्रभावती विचार करू लागली. गेल्या पावसाळ्यात कधीतरी डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं होतं. मग काळे ठिपके उडू लागले. मग बाजूनं सावली आली आणि वाढत गेली. तिला वाटलं, नंबर वाढला असणार. आणि नंबर तर तिला सांगायचाच नव्हता.

दुकानदारानं पेटी बंद केली. "हे माझ्या हातचं नाही, बाबा," तो कृष्णनाथला म्हणाला. "पणजीला मोठ्या डॉक्टराकडे न्या. उद्याच न्या."

पणजीच्या डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवून कपाळाला लावलेल्या दिव्यानं बराच वेळ आत पाहिलं. बाई होती, बोलायला मऊ. मोठा नंबर असला की डोळा आतून ताणतो, ती म्हणाली. आतला पडदा विरतो, फाटतो, सुटून येतो. यांचा सुटून फार दिवस झाले. शस्त्रक्रियेनं आता काही परत येईल असं मला वाटत नाही.

"विजा दिसल्या तेव्हा लगेच आणलं असतं तर?" कृष्णनाथनं विचारलं.

डॉक्टरनं कपाळावरचा दिवा काढून ठेवला. "तर प्रयत्न करता आला असता."

कृष्णनाथनं बायकोकडे बघितलं नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. प्रभावतीला थेंबांमुळं सगळं पांढरंफटक दिसत होतं, पण त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि तो तिला कधी नव्हे इतका अनोळखी वाटला.

निघताना डॉक्टरनं बजावलं. उजवा डोळाही त्याच घडणीचा आहे. जड उचलू नका, डोक्याला हिसका बसू देऊ नका. पुन्हा वीज चमकली, ठिपके आले, कडेनं सावली आली, तर त्याच दिवशी या. आणि विमलाचे डोळे वर्षातून एकदा तपासून घ्या.

"आणि एरवी काय करायचं?" प्रभावतीनं विचारलं.

"एरवी काही करण्यासारखं नाही," डॉक्टर म्हणाली. "सांभाळायचं."

पुढच्या शुक्रवारी चष्मे मिळाले. प्रभावतीची उजवी काच बाटलीच्या बुडासारखी जाड, डावी नुसतीच, जोडीला जोड म्हणून. परतताना फेरीबोटीवर तिनं तो घातला. कठड्याला टेकून कृष्णनाथ उभा होता. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. भुवईत एक जुना व्रण होता. खालचा ओठ तो दातांत धरून उभा होता, ही त्याची सवयच असावी. इतका लांब उभा असलेला नवरा तिनं आज पहिल्यांदाच पाहिला.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला."

त्यानं मान फिरवली आणि चोपड्याच्या काठाकडे बघत राहिला.

गावात बातमी पसरली. काही बायका येऊन डोळे पुसून गेल्या. काहींनी आता म्हणायला सुरुवात केली, की बघा, खोट लपवून दिली होती, शेवंतीला फसवलं. शेवंतीनं त्यांतल्या एकीला दारातूनच परत लावली. प्रभावती आता वाटेवर माणसांना ओळखून हसू लागली, पण माणसांनाच सवय राहिली नव्हती. लोक दचकून इकडं तिकडं बघायचे. विमला तेवढी तिच्याजवळ आली. दोघी मायलेकी संध्याकाळी पायरीवर बसून एकमेकींच्या काचा पदरानं पुसायच्या. पण पाण्याकडं जाताना मात्र विमलाचा हात सवयीनं आजीकडेच जायचा.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवंती गेली, विमला लग्न होऊन डिचोलीला गेली, नदीवर पूल झाला आणि फेरीबोट बंद पडली. प्रभावतीचा उजवा डोळा अजून आहे. ती घागर उचलत नाही, कृष्णनाथ पाणी भरतो. नदीवर ऊन पडलं आणि लाटेवर काही लकाकलं, की तिचा जीव टांगणीला लागतो: ते बाहेर लकाकलं की आत? ती मान वळवून बघते, डोळा मिटून बघते, भिंतीकडे तोंड करून बघते. कधी लगेच कळतं, कधी अर्धा दिवस कळत नाही.

सकाळी दुकान उघडायला जायच्या आधी कृष्णनाथ तिच्यासमोर येऊन उभा राहतो.

"आज कसं?"

"बरं दिसतं."

"विजा, ठिपके, काही?"

"काही नाही."

ती खरंच सांगते. पणजीहून आल्यापासून तिनं त्याच्यापासून काही लपवलेलं नाही, आणि कधी संशय आला तर ती दुकानात जाऊन चारचौघांत सांगते. तरी तो हलत नाही. तिच्या चेहऱ्याकडे, त्या जाड काचेकडे बघत उभा राहतो. काचेआड त्याला बारीक झालेला तिचा एक डोळा तेवढा दिसतो. आतलं काही दिसत नाही.

"नक्की?" तो विचारतो.

"नक्की हो."

मग तो चपला घालतो आणि जातो. फाटकापाशी एकदा थांबतो, मागं वळून बघतो. प्रभावती दारात उभी असते. तो थांबलेला तिला दिसतो. याहून वेगळं काय सांगितलं म्हणजे तो विश्वास ठेवेल, हे मात्र तिला अजून सापडलेलं नाही.